मानकरी की सेवेकरी?
उपासनेतील क्रमाचा इतिहास आणि आपली सेवा

पवित्र आठवडा जवळ आला की आपल्या पुष्कळ धर्मग्रामांत एक यादी तयार होऊ लागते. गुरुवारी पाय कोणाचे धुवायचे, शुक्रवारी दुःखसहनाचे वाचन कोणी करायचे, मिरवणुकीत क्रूस कोणी धरायचा, अशी ती यादी. पुष्कळदा ह्या यादीवरूनच मने दुखावतात. एका घराण्याचा मान चुकला म्हणून ते घराणे वर्षभर रुसून बसते. अशा वेळी आम्हा धर्मगुरूंपैकी काहीजण कंटाळून म्हणतात की, ह्या क्रमाबिमाची कटकट नको. प्रार्थना अंतःकरणाची असावी, विधीचे काय एवढे? दुसरे काहीजण नेमके उलट बोलतात. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायाच्या शेवटी सर्व काही शोभेल असे व क्रमाने करण्याची जी आज्ञा आहे तिचा ते आधार घेतात आणि सर्वांना गप्प बसवितात.

ही दोन्ही मते परस्परविरुद्ध दिसली तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. क्रम म्हणजे कोण वर आणि कोण खाली हे ठरविणारी व्यवस्था, ही ती समजूत होय. एकाला ती नको वाटते, दुसऱ्याला हवी वाटते, इतकाच भेद. प्रस्तुत लेखात आम्ही असे दाखवू इच्छितो की, ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या आधीच्या इस्राएली उपासनेच्या इतिहासात क्रमाचा जन्म वेगळ्याच कारणाने झाला. बलवानाच्या धावण्याला आवर बसावा आणि दुर्बलाचीही पाळी यावी म्हणून क्रम आला. ज्या ज्या काळी हे कारण विसरले गेले त्या त्या काळी क्रम उरला, पण सेवा उरली नाही.

१. मंदिरातील पाळ्या आणि चिठ्ठ्या

इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तेविसाव्या अध्यायापासून सव्विसाव्या अध्यायापर्यंत नावांच्या व आकड्यांच्या लांबलचक याद्या आहेत. उपदेशासाठी हे अध्याय आपण क्वचितच निवडतो. दावीद राजाने ३८,००० लेवींची मोजदाद केली. त्यांपैकी २४,००० मंदिराच्या कामासाठी, ६,००० अंमलदार व न्यायाधीश म्हणून, ४,००० द्वारपाल म्हणून आणि ४,००० वाद्ये वाजवून स्तुती करण्यासाठी नेमले, असे तेथे सांगितले आहे. याजकांचे २४ वर्ग झाले. आसाफ, हेमान व यदूथून ह्यांच्या घराण्यांतील २८८ निष्णात गायकांचेही २४ वर्ग झाले. हा ग्रंथ बंदिवासातून परतल्यानंतर पुष्कळ वर्षांनी लिहिला गेला आणि त्यातील रचनेत दुसऱ्या मंदिराच्या काळातील प्रथा उमटली आहे, असे अभ्यासकांचे मत आहे. आपल्या विषयाला त्याने बाध येत नाही. उलट, उपासक समाजाने आपली व्यवस्था कशी समजून घेतली हे त्यातून अधिक स्पष्ट दिसते.

ह्या याद्यांत एक गोष्ट वारंवार येते. वर्ग कोणता व पाळी कोणाची हे चिठ्ठ्या टाकून ठरविले गेले; आणि गायकांविषयी लिहिताना ग्रंथकार मुद्दाम सांगतो की लहान व थोर, गुरू व शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्या टाकल्या. वेशींच्या राखणीबाबतही तसेच. ज्या समाजात घराण्याला एवढे महत्त्व होते, त्या समाजात गुरूची पाळी शिष्यानंतर येऊ शकत होती.

ह्या व्यवस्थेची गरज का भासली हे इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ह्या यहुदी ग्रंथात वाचावयास मिळते. प्रायश्चित्ताच्या दिवसाविषयीच्या प्रकरणात एक प्रसंग नोंदलेला आहे. वेदीवरील राख काढण्याचे काम पूर्वी ज्याला इच्छा असेल तो याजक करी. इच्छुक अनेक असले तर ते वेदीच्या उतरणीवरून वर धावत, आणि जो आधी वेदीच्या चार हातांच्या आत पोहोचे त्याला ते काम मिळे. एकदा दोघेजण बरोबरीने धावत असता एकाने दुसऱ्याला ढकलले आणि पडणाऱ्याचा पाय मोडला. तेव्हा न्यायसभेने ठरविले की यापुढे हे काम चिठ्ठीनेच द्यावयाचे. वाचकांनी लक्षात घ्यावे की धावणारे दोघेही भक्तच होते आणि धाव राख काढण्यासाठीच होती. परंतु उत्साहाला क्रम नसला म्हणजे वेदीच्या पायथ्याशीही भावाचा पाय मोडतो.

त्याच प्रकरणात धूप जाळण्याच्या चिठ्ठीचा नियम आहे. ह्या चिठ्ठीसाठी, ज्यांनी पूर्वी कधी धूप जाळला नाही अशांनाच बोलाविले जाई. हे काम सर्वांत मानाचे समजले जात असल्यामुळे एकदा मिळालेल्याने पुन्हा पुढे येऊ नये, हा त्यातील हेतू. आता लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय पाहावा. अबीयाच्या वर्गातील जखऱ्या नावाचा वृद्ध याजक आपल्या वर्गाच्या पाळीत सेवा करीत असता चिठ्ठी त्याच्या नावे निघाली. चोवीस वर्गांत अबीयाचा वर्ग आठवा. एका वर्गाची पाळी एका आठवड्याची, म्हणजे वर्षातून साधारण दोनदा. ह्या हिशेबाने, म्हातारपणापर्यंत जखऱ्या वर्षानुवर्षे यरुशलेमास येत राहिला असणार आणि धूपाची चिठ्ठी इतरांच्या नावे निघत राहिली असणार. ज्या दिवशी ती त्याच्या नावे निघाली त्या दिवशी त्याला देवदूताचे दर्शन झाले. ज्याने आयुष्यात कधी धूप जाळला नव्हता त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या जागी शुभवर्तमानाची सुरुवात होते.

आणखी एक छोटी नोंद सांगून आम्ही पुढे जातो. एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बंदिवासातून परतलेल्यांची मोजणी आहे. याजकांच्या चार घराण्यांतील माणसे ४,२८९. परंतु लेवी अवघे ७४, गायक १२८ आणि द्वारपालांचे वंशज १३९. त्या वेळी यरुशलेमात मंदिर उभे नव्हते. राखावयास वेसही नव्हती. तरी द्वारपालांचे वंशज द्वारपाल म्हणूनच मोजले गेले. दार नसतानाही दार राखण्याची सेवा त्या लोकांनी विसरू दिली नाही.

२. तक्रारीतून जन्मलेली सेवा

यरुशलेमातील पहिल्या ख्रिस्ती समाजात सेवेची पहिली वाटणी झाली ती एका तक्रारीमुळे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ही हकिगत आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. ह्या विधवा दुहेरी दुर्बल होत्या: नवरा नाही, आणि बहुसंख्य लोकांची भाषाही त्यांची नाही. बारा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना अश्रद्ध ठरविले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावून सात जणांची निवड करण्यास सांगितले. निवडलेल्या स्तेफन, फिलिप्प इत्यादी सातही जणांची नावे ग्रीक आहेत. एक तर अंत्युखियाचा, यहुदी धर्म स्वीकारलेला परदेशी. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती वाटपाची पळी दिली गेली. मूळ वचनात ह्या सात जणांना डीकन म्हटलेले नाही. पण पुढच्या परंपरेने डीकनांच्या सेवेचा उगम येथे पाहिला, आणि तो यथार्थ आहे.

तक्रार ऐकण्याची जागा असणे हे सुव्यवस्थेचे लक्षण होय. ह्याचे एक उदाहरण आपल्या मराठी मुलुखात सर्वांच्या परिचयाचे आहे. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने खूण करताच सर्व टाळ थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, आणि त्यानंतरच आरती होते. इतक्या मोठ्या समुदायात शिस्त टिकते, कारण तक्रारीला त्या शिस्तीतच स्थान आहे. यरुशलेमच्या ख्रिस्तसभेने विधवांचे टाळ ऐकले, असेच म्हणावयास हवे.

३. करिंथ : एकाच गावाला दोन पत्रे

आता करिंथकडे वळू. इ. स. ५५ च्या सुमारास पौलाने इफिसहून हे पत्र लिहिले. त्यातील अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाच्या मेळाव्याचे चित्र आहे. प्रत्येकजण आपापले जेवण आधी उरकतो; एक उपाशी राहतो, दुसरा मद्याने धुंद होतो. करिंथ हे बंदराचे, व्यापाराचे गाव. सुखवस्तू माणसे लवकर येऊन बसत आणि दास व मजूर काम संपवून उशिरा पोहोचत, असे अभ्यासकांनी ह्यावरून अनुमान केले आहे. ह्यावर पौलाने सांगितलेला उपाय अगदी साधा आहे: एकमेकांसाठी थांबा.

चौदाव्या अध्यायातील आज्ञा ह्याच उपायाचा विस्तार आहे. सभेत कोणाजवळ स्तोत्र असे, कोणाजवळ शिकवण, कोणाजवळ अन्य भाषा. आणि सर्वच एकदम बोलत. पौल त्यांतील एकालाही बंदी करीत नाही. अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी बोलावे, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा असावा. आणि एकजण बोलत असता बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झाले तर पहिल्याने थांबावे, असे तो लिहितो. ह्या शेवटच्या नियमाकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. थांबावयाचे आहे ते उभा राहून बोलणाऱ्याने, बसलेल्यासाठी. क्रमासाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द तॅक्सिस हा सैन्याच्या रांगांसाठीही वापरला जात असे. परंतु ह्या रांगेचा हेतू त्याने आधीच्या बाराव्या अध्यायात सांगून ठेवला आहे: शरीराचे जे अवयव अधिक दुर्बल दिसतात तेच आवश्यक असून, देवाने उणे असलेल्या अवयवाला अधिक मान दिला आहे. अध्याय बारा विसरून अध्याय चौदा वाचला की क्रमाची काठी होते.

करिंथकर हा धडा विसरले. सुमारे चाळीस वर्षांनी, इ. स. ९६ च्या आसपास, रोमच्या ख्रिस्तसभेला त्याच गावाला पुन्हा पत्र लिहावे लागले. ते पत्र क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते. ह्या वेळी काही तरुण मंडळींनी, ज्यांच्या सेवेत दोष नव्हता अशा वडिलांना पदावरून दूर केले होते. क्लेमेंट सैन्याचा दृष्टांत देतो, मंदिरातील महायाजक, याजक व लेवी ह्यांच्या ठरलेल्या सेवांची आठवण देतो, आणि सामान्य भक्ताचीही स्वतःची नेमलेली सेवा आहे असे सांगतो. पण तोही येथेच थांबत नाही. थोरांवाचून लहान नाहीत आणि लहानांवाचून थोर नाहीत. बलवानाने दुर्बलाची काळजी घ्यावी, दुर्बलाने बलवानाचा मान राखावा, अशा आशयाचे विवेचन तो लगेच करतो. क्रमाची बाजू मांडणारे बायबलबाहेरील हे जवळजवळ सर्वांत जुने ख्रिस्ती लिखाण आहे, आणि त्यातही क्रमाची कसोटी दुर्बलाची काळजी हीच आहे.

४. अध्यक्षाचे आसन आणि म्हाताऱ्याची जागा

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर उपासनेचे रूप कसे होते, ते हुतात्मा जस्टिनने इ. स. १५५ च्या सुमारास रोमी सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनग्रंथात दिले आहे. रविवारी शहरांतील व खेड्यांतील लोक एकत्र जमत. वाचक प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणे वेळ असेल तितकी वाची. तो थांबल्यावर अध्यक्ष बोध करी. मग सर्व उठून प्रार्थना करीत. भाकर, द्राक्षारस व पाणी आणले जाई. अध्यक्ष उपकारस्तुती करी आणि लोक आमेन म्हणत. सेवक उपस्थितांना वाटप करीत आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे ते नेऊन देत. ज्यांना शक्य ते स्वेच्छेने दान देत. आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके ह्यांचा सांभाळ होई. येथे पाच निरनिराळ्या सेवा आहेत: वाचणाऱ्याची, बोध करणाऱ्याची, आमेन म्हणणाऱ्यांची, वाटणाऱ्याची आणि देणाऱ्यांची. शिवाय, न आलेल्याची आठवण हा विधीचाच भाग आहे.

तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात सिरियामध्ये लिहिलेला ‘दिदास्कालिया’ अर्थात प्रेषितांची शिकवण नावाचा ग्रंथ आहे. त्यात सभास्थानातील बैठकीची बारीकसारीक व्यवस्था सांगितली आहे. पूर्वेकडे वडिलांची जागा, मध्ये अध्यक्षाचे आसन, मग पुरुष, मग स्त्रिया; एक सेवक अर्पणांजवळ उभा, दुसरा दाराशी. वाचताना वाटावे की हा मोठा काटेकोर, मानपान जपणारा ग्रंथ असावा. परंतु पुढे दोन प्रसंग येतात. जगात प्रतिष्ठित असलेला कोणी बाहेरगावचा मनुष्य आला, तर अध्यक्षाने बोध थांबवू नये, त्याच्यासाठी उठू नये. इतर बंधू त्याला सामावून घेतील. मात्र एखादा गरीब पुरुष किंवा गरीब स्त्री आली, विशेषतः वयाने वृद्ध, आणि जागा नसेल, तर स्वतः अध्यक्षाने मनापासून त्यांना जागा करून द्यावी, मग त्याला जमिनीवर बसावे लागले तरी चालेल. एवढी काटेकोर आसनव्यवस्था कशासाठी होती, ह्याचे उत्तर ह्या एका वाक्यात मिळते. जागा नेमलेली असते, म्हणून ती सोडता येते. ज्याला आसनच नाही तो कोणासाठी उठणार?

ह्याच शतकातील एक हिशेब फार बोलका आहे. देकियस सम्राटाच्या छळानंतर, इ. स. २५१ मध्ये, रोमचे महागुरुस्वामी कॉर्नेलियस ह्यांनी अंत्युखियाच्या फेबियस ह्यांना लिहिलेल्या पत्राचा भाग युसेबियसने आपल्या इतिहासात जतन केला आहे. त्या वेळी रोमच्या ख्रिस्तसभेत ४६ वडील, ७ डीकन, ७ उपडीकन व ४२ वेदीसेवक होते. भुते घालवण्याची प्रार्थना करणारे, वाचक व द्वारपाल मिळून ५२ होते. आणि ह्या यादीला लागूनच, ख्रिस्तसभा ज्यांचे पोषण करीत होती अशा विधवा व गरजू १,५०० हून अधिक होत्या. कॉर्नेलियस सेवकांची मोजणी करता करता विधवांची मोजणी करतो. १५४ सेवेकरी आणि १,५०० गरजू ही त्याच्या दृष्टीने एकाच घराची दोन अंगे होती.

५. सेवेची पायरी झाली

येथवरचा इतिहास आनंदाने सांगावा असा आहे. पुढचा सांगताना मान खाली जाते. हळूहळू वाचक, द्वारपाल, वेदीसेवक ह्या स्वतंत्र सेवा राहिल्या नाहीत. त्या धर्मगुरुपदाकडे जाणाऱ्या शिडीच्या पायऱ्या झाल्या. आठव्या-नवव्या शतकांपासून मठांत धर्मगुरूंनी एकट्याने मिस्सा अर्पण करण्याची पद्धत वाढली, आणि वाचन, उत्तरे, प्रार्थना सर्व काही एका माणसाच्या तोंडी आले. १५७० च्या रोमी मिस्साग्रंथानुसार तर गायकवृंद जे गात असे तेही धर्मगुरूने वेदीपाशी वेगळे म्हणावयाचे असे.

द्वारपालाच्या दीक्षेचा विधी ह्या ऱ्हासाचे उत्तम उदाहरण होय. उमेदवाराच्या हाती मंदिराच्या किल्ल्या दिल्या जात. तो दार लावी, उघडी, घंटा वाजवी. परंतु त्यानंतर त्या गुरुविद्यार्थ्याने आयुष्यात पुन्हा दार राखले असे क्वचितच घडे. आणि जो गडी पहाटे उठून रोज ते दार उघडी, त्याला दीक्षाही नव्हती आणि यादीत नावही नव्हते. नाव एकाचे, काम दुसऱ्याचे अशी ही अवस्था होती.

त्रेंतच्या परिषदेला हा दोष दिसला होता. १५६३ च्या तेविसाव्या बैठकीत तिने असे ठरविले की ह्या सेवा पुन्हा प्रत्यक्षात आणाव्यात, आणि अविवाहित मनुष्य न मिळाल्यास चांगल्या चालीच्या विवाहित पुरुषांकडेही त्या सोपवाव्यात. ठराव झाला, पण तो बहुतांशी कागदावर राहिला.

हा दोष केवळ दूरच्या युरोपातील नव्हे. आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट येथे कबूल केली पाहिजे. पौरोहित्याच्या पहिल्या वर्षांत आमची नेमणूक सीमाभागातील एका खेड्यात होती. तेथील वृद्ध कॅटेकिस्ट, ज्यांना सर्व गाव मास्तर म्हणे, ते वाचताना अडखळत. विधी नीटनेटका व्हावा ह्या तळमळीने आम्ही वाचने स्वतःच करू लागलो. मग गीते सुरू करणे, मग श्रद्धावंतांच्या प्रार्थनाही. सर्व काही अगदी वेळेवर, बिनचूक होऊ लागले. वर्षभराने एका रविवारी आम्हांस ताप भरला होता. आम्ही मास्तरांना वाचनासाठी बोलाविले. ते जागचे उठले नाहीत. इतकेच म्हणाले, “फादर, आता सवय गेली.” ज्या वर्षांत त्या गावाला राहता धर्मगुरू नव्हता त्या वर्षांत ह्याच माणसाने दर रविवारी गावाला एकत्र आणून प्रार्थना चालू ठेवली होती. आम्ही टापटीप आणली होती आणि सेवा बुडविली होती. उतरणीवर ढकलून भावाचा पाय मोडणारा तो याजक कोण, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

६. गोव्याचा वारसा : एक उजेड, एक सावली

आपल्या ह्या भागात सेवांच्या वाटणीची परंपराच नव्हती असे मात्र कोणी समजू नये. गोव्यात सोळाव्या शतकापासून धर्मग्रामांच्या शाळा निघाल्या. तेथील मेस्त मुलांना प्रार्थना, वाचन आणि संगीत शिकवीत, गायकवृंद बसवीत, व्हायोलिन वाजवीत. विधी लॅटिनमध्ये आणि वेदीजवळचा सर्व भाग धर्मगुरूच्या हाती असला, तरी सज्ज्यावरचे गायन गावच्या माणसांच्या हाती राहिले, ते ह्या मेस्तांमुळे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुराण म्हटले की एकाने वाचावयाचे आणि इतरांनी ऐकावयाचे. म्हणजे आपल्या भाषेतील पहिल्या थोर ख्रिस्ती ग्रंथाने वाचकाची सेवा गृहीतच धरली होती.

गावोगावच्या कॉन्फ्रारियांनीही सणांची जबाबदारी, मिरवणुकांची व्यवस्था, मृतांची अंत्ययात्रा ही कामे पिढ्यान् पिढ्या नेमाने पार पाडली. हा उजेड झाला. सावली अशी की, ह्या बंधुमंडळांचे सभासदत्व अनेक गावांत जातीवर व गावकारीवर ठरत असे. एका मंडळाच्या खांद्यावर लाल झूल, दुसऱ्याच्या निळी. आणि रंगावरून पाहणाऱ्याने घराणे ओळखावे. क्रम अगदी चोख होता. परंतु चिठ्ठी टाकलेली नव्हती. गुरू व शिष्य, लहान व थोर ह्यांना एका मापाने मोजणारी यरुशलेमची पाळी आणि जन्मावरून मान वाटणारी ही पाळी, दोन्ही बाहेरून सारख्याच शिस्तबद्ध दिसतात. भेद एवढाच की पहिलीत सेवेकरी आहेत आणि दुसरीत मानकरी. ह्या सावलीचे अवशेष आजही काही ठिकाणी दिसतात, हे आपण जाणतो.

७. आपल्यापुढील काम

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित केलेल्या उपासनाविषयक संविधानात दोन कलमे ह्या दृष्टीने शेजारी ठेवून वाचावीत. अठ्ठाविसावे कलम सांगते की उपासनेत प्रत्येकाने, धर्मगुरू असो वा सामान्य भक्त, आपल्या वाट्याचे सर्व करावे आणि तेवढेच करावे. बत्तिसावे कलम सांगते की उपासनेतील सेवा व पवित्र दीक्षा ह्यांमुळे येणारा भेद आणि विधिनियमांनुसार नागरी अधिकाऱ्यांस द्यावयाचा मान सोडल्यास, विधीत किंवा बाह्य थाटात कोणा व्यक्तीला वा वर्गाला खास मान देऊ नये. पहिले कलम आमच्यासारख्या सर्व काही स्वतः करणाऱ्या धर्मगुरूंना आवर घालते. दुसरे लाल-निळ्या झुलींना.

त्यानंतर पोप सहावे पॉल ह्यांनी १५ ऑगस्ट १९७२ च्या आदेशाने जुन्या लहान दीक्षा रद्द केल्या आणि वाचक व वेदीसेवक ह्या सेवा सामान्य भक्तांसाठी खुल्या केल्या. तरीही विधिपूर्वक नेमणूक पुरुषांपुरतीच राहिली. १० जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी ही मर्यादा दूर करून स्त्रियांनाही ह्या सेवांवर नेमण्याची वाट मोकळी केली. करिंथच्या पत्रातील चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी गप्प राहावे असे वचन आहे, हे येथे कोणी पुढे करील. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात सभेत प्रार्थना व संदेश देणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख आहे, हे त्याने ध्यानात घ्यावे. आणि १० मे २०२१ रोजी कॅटेकिस्टांची सेवा ही ख्रिस्तसभेतील विधिपूर्वक नेमावयाची सेवा म्हणून स्थापन झाली. ज्या मास्तरांना आम्ही गप्प केले त्यांच्या कामाला ख्रिस्तसभेने आता नाव दिले आहे.

तेव्हा पुढच्या खेपेस यादी करावयास बसताना धर्मगुरूंनी व कॅटेकिस्ट बंधुभगिनींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. धूपाच्या चिठ्ठीप्रमाणे, ज्याने आजवर कधी वाचले नाही, कधी अर्पणे नेली नाहीत, त्याचे नाव यादीत आधी यावे. तो अडखळत असेल तर शनिवारी संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून वाचन दोनदा करून घ्यावे. यादीतून त्याला वगळणे हा उपाय नव्हे. शक्य तेथे पाळी चिठ्ठीने ठरवावी. चिठ्ठीपुढे घराण्यांचा रुसवा चालत नाही. यादी लावल्यावर तक्रार ऐकण्यासाठी एक दिवस राखून ठेवावा, आणि तक्रार करणाऱ्याला भांडखोर म्हणू नये. आजारपणामुळे जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे कोण जाणार, हे त्याच यादीत लिहावे; ते काम वाचनाहून कमी प्रतीचे नाही. आणि पहाटे मंदिराचे दार कोण उघडतो त्याचे नावही यादीत असावे. बंदिवासातून परतलेल्यांनी दार नसताना द्वारपाल मोजले. आपल्याकडे तर दार आहे.

मास्तर पुढे पुन्हा वाचू लागले. त्याला सहा महिने लागले. ते शेवटपर्यंत अडखळतच वाचत. आणि ते अडखळले की सारे गाव श्वास रोखून त्यांच्यासाठी थांबत असे. पौलाने करिंथकरांस जे सांगितले होते तेच हे थांबणे, असे आम्हांस वाटते.